ते दुसरे साहेब कशात शिकले आहेत?

“मॅडम, मधले साहेब जज्ज होते हे कळलं. पण शेजारचे दुसरे साहेब कशात शिकलेत?”

सुनावणी संपवून जिना उतरताना तात्यांनी मला हा प्रश्न विचारला. तात्या शेतकरी आहेत. पुण्याच्या पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव आहे. मी पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्या गावातल्या पोरांना पाण्याचे नमुने कसे घ्यायचे हे दाखवायला जाऊ लागले. गावाच्या ओढ्यात एका आस्थापनेचं सांडपाणी येत होतं आणि तात्यांच्या विहिरीवर सकाळी फेसाचा थर दिसायचा. त्या आस्थापनेचं नाव किंवा प्रकरण कोणत्या मंचापुढे चाललं ते मी इथे सांगत नाही. त्यानं माझ्या मुद्द्यात फरक पडत नाही.

त्या दिवशी पाहणीचा अहवाल पटलावर आला होता. सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं मोजमाप, ठरलेल्या मर्यादेत असल्याचं त्यात लिहिलं होतं. समोरच्या वकिलांनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. तात्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्या दुसऱ्या सदस्यांनी अहवालाचं शेवटचं पान काढलं आणि विचारलं, “नमुना किती वाजता घेतला?”

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. दुपारी सव्वातीन.

“एकदाच घेतला, की दर तासाला घेऊन एकत्र केला?”

एकदाच.

“आदल्या दिवशी तिथे पाऊस होता का?”

होता.

अहवालाची किंमत किती, ते या तीन प्रश्नांनी पाच मिनिटांत उघड झालं. सांडपाण्याचा लोट सकाळी मोठा असतो, दुपारी ओसरतो. पावसानंतर ओढ्याचं पाणी वाढतं आणि घाण पातळ होते. दुपारी सव्वातीनला भरलेली एक बाटली त्या क्षणापुरतं खरं सांगते, दिवसभराचं सांगत नाही. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेला का आणि पोचायला किती वेळ लागला, हे पुढचे प्रश्न. बीओडी काढताना नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. त्याआधी बाटली उन्हात गाडीत पडून राहिली असेल, तर शेवटी येणाऱ्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. सदस्यांनी चोवीस तासांचे नमुने नव्यानं घ्यायला सांगितलं.

पुढे दुसऱ्या एका गावाच्या प्रकरणात, दुसऱ्या मंचापुढे, जवळजवळ तसाच अहवाल आला. तिथेही दोन सदस्य होते. वेळ कुणी विचारली नाही आणि अहवाल स्वीकारला गेला. त्या गावातल्या बायका आजही टँकरच्या रांगेत उभ्या राहतात. दोन्ही ठिकाणी कायदा तोच होता आणि वकीलही तोडीस तोड होते. फरक एका खुर्चीत होता.

म्हणून तात्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधिकरणाच्या, म्हणजे ठरावीक विषयाचे दावे ऐकणाऱ्या खास न्यायमंचाच्या, सदस्यानं काय शिकलं, कुठे काम केलं, त्याला कुणी निवडलं आणि कोणत्या कसोटीवर निवडलं, हे विचारणं म्हणजे त्या व्यक्तीचा अपमान नव्हे. ज्याच्या विहिरीचा निकाल लागायचा आहे, त्याचा तो हक्क आहे.

पुण्यात हा प्रश्न विशेष जवळचा आहे, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आपल्या शहरात आहे. वर्तमानपत्रं त्याला हरित लवाद म्हणतात. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही राज्यं त्याच्या कक्षेत येतात. कारखान्यांच्या रसायनांपासून किनाऱ्यावरच्या बांधकामांपर्यंत, कचरा डेपोंपासून नद्यांपर्यंत सगळं तिथे येतं. या शहराच्या नद्यांचं काय होणार, याची बरीचशी भांडणं याच न्यायाधिकरणापुढे झाली आहेत. विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पात्रात भराव टाकून जो रस्ता होत होता, त्याविरुद्धचा २०१३ मधला आदेश याच न्यायाधिकरणाचा. मेट्रोचा सुमारे १.७ किलोमीटरचा टप्पा नदीपात्रातून नेण्याचा वादही तिथेच लढला गेला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा कचरा तिथे गेला, नदीकाठ सुधार योजना तिथे गेली.

हे न्यायाधिकरण जन्माला आलं, त्यामागे एक कबुली होती. ती न्यायालयांनीच दिली होती. १९९९ मध्ये आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध नायडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, पर्यावरणाच्या दाव्यांत विज्ञानाचे इतके गुंतागुंतीचे प्रश्न येतात की केवळ कायदा शिकलेल्या न्यायाधीशांना ते सोडवणं अवघड जातं, शेजारी शास्त्रज्ञ हवेत. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जगन्नाथ राव पुढे विधी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००३ मध्ये आयोगाच्या १८६ व्या अहवालात पर्यावरण न्यायालयांची शिफारस झाली. त्यातून २०१० चा कायदा आला. प्रत्येक पीठावर किमान एक न्यायिक सदस्य आणि एक तज्ज्ञ सदस्य असलाच पाहिजे, ही त्या कायद्याची मूळ कल्पना. तज्ज्ञ सदस्य हा नुसता सल्लागार नाही. त्याचं मत न्यायाधीशाच्या मताइतकंच वजनदार आहे. दोघांचं जमलं नाही, तर प्रकरण अध्यक्षांकडे जातं.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. या न्यायाधिकरणाच्या निकालावर कायद्याने ठेवलेलं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जातं, तेही दिवाणी संहितेच्या कलम १०० च्या चौकटीत, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. विहिरीत क्रोमियम आलं की नाही, भरावामुळे पुराची पातळी वाढेल की नाही, या वस्तुस्थितीच्या प्रश्नांचा निवाडा बहुतेक वेळा इथेच शेवटचा होतो. नमुन्याची वेळ इथे कुणी विचारली नाही, तर ती पुढे कधीच विचारली जाणार नाही.

आता कायद्याचं कलम ५ पाहू. तज्ज्ञ सदस्य होण्यासाठी त्यात दोन दरवाजे ठेवले आहेत. पहिला विज्ञानातली पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट, किंवा अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी. त्यांना संबंधित क्षेत्रातला पंधरा वर्षांचा अनुभव हवा, त्यातली पाच वर्षं राष्ट्रीय पातळीवरच्या नामांकित संस्थेत पर्यावरण आणि वनं या क्षेत्रातल्या प्रत्यक्ष कामाची. दुसरा दरवाजा प्रशासकीय अनुभवाचा. पंधरा वर्षांचा प्रशासकीय अनुभव आणि त्यातली पाच वर्षं पर्यावरणाशी संबंधित कामकाज हाताळलेलं असलं की झालं. या दुसऱ्या दरवाजात विज्ञानाच्या पदवीची अट नाही.

कायदा करणाऱ्यांनी हा दुसरा दरवाजा बहुधा बाजूचा म्हणून ठेवला असेल. प्रत्यक्षात राबता तिथूनच जास्त राहिला. तज्ज्ञ सदस्यांच्या आजवरच्या याद्या काढून बघा, निवृत्त वनाधिकारी सातत्याने दिसतात. मी वनसेवेचा अनादर करत नाही. जंगलाच्या जमिनीचा, वन्यजीवांच्या वाटांचा, खाणीसाठी तोडायच्या झाडांचा प्रश्न असेल तेव्हा तीस वर्षं जंगलात काढलेल्या माणसाइतका उपयोगी सदस्य दुसरा नाही. पण पश्चिम विभागापुढचं काम बघा. अंकलेश्वर-वापीचा रासायनिक पट्टा, लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत, गोव्याचा किनारा, मुळा-मुठेचं मैलापाणी. इथे विषशास्त्र, जलविज्ञान, सांडपाणी अभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य लागतं. हाडाच्या डॉक्टरला आपण हृदयाची शस्त्रक्रिया करायला सांगत नाही, मग तो कितीही निष्णात असो.

ज्ञानाचा अभाव कसा बाधतो हे समजायला आकडे घेऊ. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी किती असावी? २०१५ च्या मसुद्यात केंद्राने लिटरमागे १० मिलिग्रॅम सुचवली होती. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत मोठ्या शहरांसाठी ती २० झाली आणि इतरत्र ३०. त्याला हरित न्यायाधिकरणात आव्हान दिलं गेलं, तज्ज्ञांची समिती बसली आणि एप्रिल २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने महानगरांसाठी पुन्हा १० चा आकडा धरला. दहा आणि वीस यांतला फरक कागदावर छोटा दिसतो. उन्हाळ्यात मुठेत वाहणारं पाणी बहुतेक शहराचंच सांडपाणी असतं, धरणातून सोडलेलं स्वच्छ पाणी त्यात मिसळायला जवळपास नसतंच. अशा नदीत हा फरक मासा जगण्याचा आणि मरण्याचा आहे. पुण्यात जपानच्या जायका या संस्थेच्या मदतीने ११ शुद्धीकरण केंद्रं बांधण्याची योजना झाली, एकूण ३९६ दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेची. त्या केंद्रांचं पाणी कोणत्या कसोटीवर तपासायचं हे ज्याला ठरवायचं आहे, त्याला बीओडी म्हणजे काय हे सुनावणीच्या दिवशी वकिलांकडून ऐकून चालणार नाही.

पुराचं उदाहरण तर अंगावर येणारं आहे. पुण्यात निळी पूररेषा साधारण ६० हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ६० हजार घनफूट पाण्याच्या, प्रवाहासाठी आखली आहे आणि लाल पूररेषा एक लाख क्युसेकसाठी. २५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. त्या वेळी खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेक असल्याचं सांगितलं गेलं. ६० हजारांच्या हिशेबाने आखलेली रेषा असताना ३५ हजारांना लोकांच्या गाद्या आणि पुस्तकं पाण्यावर तरंगली. काय झालं? पात्र भरावाने आक्रसलं? धरणाच्या खालच्या पाणलोटातून आलेलं पाणी हिशेबात धरलं नव्हतं? पात्राचे जे आडवे छेद मोजून रेषा आखली, ते कोणत्या वर्षीचे? पुलांच्या खांबांनी फुगवटा किती वाढला?

१९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा मी जन्मले नव्हते, पण आमच्या वाड्याच्या भिंतीवरची पाण्याची खूण आजी बोट लावून दाखवायची. या शहरात नदीचा प्रश्न चुकीच्या हातांत गेला तर काय होतं हे घराघरांत माहीत आहे. नदीकाठ सुधार योजनेसारख्या प्रकरणात तज्ज्ञ सदस्याच्या खुर्चीवर पात्राचा छेद वाचता येणारा माणूस असावा, ही मागणी मला अगदी किमान वाटते.

याला एक उत्तर नेहमी मिळतं. सदस्याला सगळं यायला हवं असं कुठे आहे? तो समिती नेमेल, समिती अहवाल देईल. ही वाट मी जवळून पाहिली आहे. संयुक्त समितीत कोण असतं? प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, महापालिकेचा अभियंता. म्हणजे ज्यांनी वेळेवर कारवाई केली नाही अशी तक्रार घेऊन नागरिक आला, त्यांच्याकडेच तक्रारीची तपासणी जाते. त्यात कधीकधी चांगलं काम होतं. मी असे प्रामाणिक अधिकारी पाहिले आहेत, भर उन्हात नाल्यात उतरणारे. पण त्यांचा अहवाल तपासणारी नजर वर नसेल, तर समितीचं मत हाच निकाल होऊन बसतो. गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हरित न्यायाधिकरणाला बजावलं की, निवाडा करण्याचं काम तुमचं आहे, ते समितीवर सोपवता येणार नाही. समिती माहिती गोळा करू शकते, ती माहिती खरी की खोटी हे तोलायला तज्ज्ञच लागतो.

उलट बाजूचा एक धोकाही मान्य केला पाहिजे. तज्ज्ञ सदस्याला विषय येतो म्हणून तो स्वतःच्या माहितीवर विसंबून निकाल देऊ लागला, तर पक्षकारांना ते मत खोडायची संधीच मिळत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी होते, न्यायपीठावर बसलेल्याची होत नाही. त्यामुळे तात्यांच्या प्रकरणातली पद्धत मला योग्य वाटते. सदस्यांनी मनात निष्कर्ष काढला नाही, भर सुनावणीत प्रश्न विचारले, दोन्ही बाजूंना उत्तर द्यायला लावलं आणि मग आदेश दिला. तज्ज्ञाचं ज्ञान प्रश्नांतून बाहेर आलं पाहिजे आणि निकालपत्रात लिहिलं गेलं पाहिजे.

आता निवड कोण करतं ते पाहू, कारण खरी गाठ इथे आहे.

प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी केंद्राचं पर्यावरण मंत्रालय किंवा त्याच्या अखत्यारीतली राज्य प्राधिकरणं देतात. त्या मंजुरीविरुद्धचं अपील हरित न्यायाधिकरणात येतं. म्हणजे मंत्रालय तिथे वारंवार प्रतिवादी असतं. आणि न्यायाधिकरणाच्या नियुक्त्यांच्या फायली, जागा, कर्मचारी, पैसा हे सगळं त्याच मंत्रालयाकडून जातं. २०२१ च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्यानुसार निवड समितीचे अध्यक्ष सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, हे चांगलं होतं. पण त्याच समितीत भारत सरकारचे दोन सचिव मताधिकारासह, आणि संबंधित मंत्रालयाचे सचिव मताशिवाय बसत. समितीने एका जागेसाठी दोन नावं द्यायची आणि त्यातलं कोणतं घ्यायचं ते सरकारने ठरवायचं, अशी ती रीत होती. गावच्या जत्रेतल्या कुस्तीतही पंच दोन्ही बाजूंना मान्य असावा लागतो. इथे एका बाजूच्या हातात पंचांच्या नावांची अंतिम निवड होती.

हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. १९९७ मध्ये चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं होतं की, न्यायाधिकरणांचा कारभार पाहायला पूर्ण स्वतंत्र यंत्रणा हवी, आणि ती होईपर्यंत तो विधी मंत्रालयाकडे असावा. २०१७ च्या वित्त कायद्याने नियुक्तीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. ते नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. नवे नियम आले, त्यांवर २०२० मध्ये न्यायालयाने पुन्हा बदल सुचवले आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करायला सांगितलं. २०२१ मध्ये केंद्राने याच विषयावर काढलेल्या अध्यादेशातल्या तरतुदी जुलैत रद्द झाल्या आणि ऑगस्टमध्ये संसदेने जवळपास त्याच तरतुदींचा कायदा केला. त्या कायद्यातल्या तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने रद्द केल्या आणि आयोगासाठी चार महिन्यांची मुदत दिली. चंद्रकुमारपासून या निकालापर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली. तेव्हा जन्मलेली मुलं आता वकिली करतात.

२०२१ च्या कायद्यातल्या, आता रद्द झालेल्या, दोन अटींबद्दल माझं मत कडक आहे. वयाची किमान पन्नास वर्षांची अट आणि चार वर्षांची मुदत. पंचेचाळिसाव्या वर्षी ऐन बहरात असलेला जलवैज्ञानिक पन्नाशीच्या अटीमुळे अर्जच करू शकत नव्हता. पन्नाशीनंतर त्याने करायचा म्हटला, तर पूर्णवेळ पदासाठी प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि नोकरीतली उरलेली वर्षं सोडावी लागत, आणि चार वर्षांनी पुढे काय हे ठाऊक नसे. निवृत्त अधिकाऱ्याला यातलं काहीच सोडावं लागत नाही, त्याची निवृत्तिवेतनाची घडी बसलेली असते. म्हणून शास्त्रज्ञ येत नाहीत. मग आपण म्हणतो, योग्य उमेदवार मिळत नाहीत.

आणि हे पुण्यात म्हणायचं? खडकवासल्याला १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, नद्यांची आणि बंदरांची प्रतिरूपं बांधून पाण्याचा अभ्यास करणारी. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथेच पावसाचा अभ्यास करणारी उष्णदेशीय हवामान संस्था आहे. आघारकर संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ आहे, विषाणू संस्था आहे. या शहरातल्या कोणत्याही बसथांब्यावर उभं राहिलं तरी एखादा निवृत्त शास्त्रज्ञ शेजारी उभा असतो. उणीव माणसांची नाही, त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या इच्छेची आहे. खुद्द कायद्यातही एक सोय आहे. एखाद्या प्रकरणापुरतं विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीला मदतीसाठी बोलावण्याचा अधिकार कलम ४ ने अध्यक्षांना दिला आहे. पुराच्या प्रकरणात जलवैज्ञानिकाला असं बोलावण्यासाठी संसदेची वाट बघावी लागत नाही.

रिकाम्या खुर्चीचंही बोललं पाहिजे. हरित न्यायाधिकरणाच्या आधी १९९७ च्या कायद्याने राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरण होतं. त्याचं अध्यक्षपद २००० मध्ये रिकामं झालं ते २०१० मध्ये प्राधिकरण गुंडाळेपर्यंत भरलंच गेलं नाही. दहा वर्षं. नव्या न्यायाधिकरणावरही तीच पाळी आली. २०१७ च्या अखेरीस सदस्य निवृत्त होत गेले, नवे नेमले गेले नाहीत, आणि २०१८ मध्ये पुण्याचं पीठ सदस्यांअभावी ठप्प झालं. पुढे दिल्लीहून व्हिडिओवर कामकाज चालवावं लागलं. तेव्हा एका सदस्याचं पीठ चालवायची मुभा देणारा नियमही केंद्राने काढला होता, म्हणजे न्यायाधीश आणि तज्ज्ञ ही जोडीच मोडायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सुरुवातीला त्याला स्थगिती दिली.

मला यात सर्वांत जास्त खुपतो तो मुदतींचा हिशेब. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर नागरिकाला ३० दिवस मिळतात आणि कारण पटवून दिलं तर आणखी ६०. त्यानंतर एक दिवसही उशीर झाला तर दरवाजा बंद. शेतकऱ्याने मंजुरीची बातमी कळवून घ्यायची, कागद मिळवायचे, इंग्रजीतले तीनशे पानी अहवाल समजून घ्यायचे आणि वकील गाठायचा, सगळं नव्वद दिवसांत. सरकारला मात्र निवड समितीने दिलेल्या नावांवर निर्णय घ्यायला कायद्यात मुदत होती ‘शक्यतो तीन महिने’. शक्यतो! सदस्य कोणत्या तारखेला निवृत्त होणार हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असतं. सहा महिने आधी जाहिरात काढायला काय हरकत आहे? आणि पीठ बंद असताना प्रकल्पाचं काम बंद राहत नाही. ओढ्यातलं पाणीही थांबत नाही.

ही गोष्ट हरित न्यायाधिकरणापुरती नाही. आपल्या राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा मूळ कायदा काढा. अध्यक्ष मुख्य सचिव दर्जाची व्यक्ती असावी असं त्यात लिहिलं होतं. पाण्याचा अभियंता आणि पाण्याचा अर्थतज्ज्ञ खालच्या दोन खुर्च्यांवर. घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराचे आजवरचे तिन्ही अध्यक्ष, गौतम चॅटर्जी, अजोय मेहता आणि मनोज सौनिक, भारतीय प्रशासन सेवेतले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण गृहनिर्माणाच्या कायद्यात नगररचना, कायदा, अर्थशास्त्र, समाजसेवा अशा कितीतरी क्षेत्रांतल्या अनुभवी माणसांना जागा ठेवलेली असताना अध्यक्ष दर वेळी एकाच वाटेने यावा, यावर राज्यात चर्चासुद्धा होत नाही. वीज नियामक आयोगाच्या बाबतीत निदान सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की, आयोग निवाडे करतो तर त्यात किमान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातला हवाच. कायद्याच्या माणसासाठी जे तत्त्व मान्य झालं, ते विषयाच्या माणसाला का लागू नसावं?

मला काय हवंय ते सांगते. ज्या पीठाची जागा भरायची, त्या पीठापुढे कोणत्या प्रकारची प्रकरणं तुंबली आहेत ते जाहिरातीतच लिहावं, आणि पुण्यासाठी पाणी किंवा रसायनाचा माणूस हवा असेल तर तसं स्पष्ट म्हणावं. निवडीच्या अंतिम यादीतल्या प्रत्येकाचं शिक्षण, आधीच्या नेमणुका आणि मागच्या पाच वर्षांत कुणाकुणाला सल्ला दिला हे नावांसह जाहीर करावं. मंत्रालयातल्या ज्या अधिकाऱ्याच्या सहीने मंजुऱ्या गेल्या, त्याने त्याच प्रकारच्या मंजुऱ्यांविरुद्धची अपिलं ऐकू नयेत. निवड समितीतून सरकारच्या सचिवांचा मताधिकार जावा. आणि कलम ५ चा दुसरा दरवाजा बंद करा असं मी म्हणत नाही, पण पीठावर एकच तज्ज्ञ असेल तर तो पहिल्या दरवाजाने आलेला असावा. प्रशासनाचा अनुभव दुसऱ्या तज्ज्ञाच्या रूपाने यावा. त्याने न्यायाधिकरणाचं कामकाज समृद्धच होईल.

सदस्यांवर अशी जाहीर चौकशी लादली तर भली माणसं येणार नाहीत, असं एका निवृत्त न्यायाधीशांनी मला चहा घेता घेता सांगितलं. मी त्यांचा आदर करते, तरी मला ते पटलेलं नाही. कॉलेजात साध्या अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले, तेव्हा माझी प्रत्येक गुणपत्रिका पाच जणांनी हाताळली होती. मला त्यात कमीपणा वाटला नाही.

तात्यांना त्या दिवशी जिन्यात मी सांगितलं, ते साहेब सांडपाण्याचे अभियंते आहेत, आयुष्यभर तेच काम केलंय त्यांनी. तात्या दोन पायऱ्या उतरून थांबले. म्हणाले, “वाटलंच. नाहीतर वेळ कोण विचारतंय!” मग जरा वेळाने, “त्यांची मुदत कधी संपते?”

मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. आता तो पूर्ण झाला आहे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आहे. त्यात विचारलं आहे: सध्याच्या प्रत्येक तज्ज्ञ सदस्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, त्या जागेची जाहिरात कधी निघणार, मागच्या निवडीत कलम ५ च्या कोणत्या दरवाजाने किती अर्ज आले आणि त्यातले किती निवडले गेले. अर्जाखाली दोन सह्या आहेत. दुसरी तात्यांची आहे, मराठीत, पूर्ण नाव लिहून.